ड्रॉइंगच्या सरांना आणि मॅडमना खुलं पत्र : स्टिल लाइफच्या टेबलावर एकदा शंख ठेवून बघा

सर, मॅडम, नमस्कार.

महाराष्ट्रात जे जे शाळेत ड्रॉइंग शिकवतात, एलिमेंटरी इंटरमिजिएटला मुलं बसवतात, रविवारी जादा तास घेतात, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. मी आर्टच्या लाइनमधली नाही, कॉम्प्युटरवर काम करते. मूळची मालवणकडची, गेली चार वर्षं नोकरीमुळे नेदरलँड्समध्ये राहतेय. इथे आल्यापासून एक विषय डोक्यात बसलाय आणि तो तुम्हालाच सांगावा असं सारखं वाटतंय, म्हणून लिहायला घेतलं.

आधी शाळेतलं सांगते. नववीत इंटरमिजिएटचा सराव चालू होता, टेबलावर नेहमीचंच, तांब्या, प्लॅस्टिकची दोन सफरचंदं, मागे निळं कापड. मी एके दिवशी घरून शंख नेला, आजीच्या फडताळात असायचा तो, म्हटलं हा ठेवूया का तांब्याशेजारी. सर म्हणाले परीक्षेला शंख येत नाही, दप्तरात ठेव. सर चांगले होते, त्यांनी मन लावून शिकवलं म्हणूनच मला आजही दोन रेघा बऱ्या ओढता येतात, पण तो शंख त्या दिवशी दप्तरातच राहिला आणि पुढे पंधराएक वर्षं मला कळलंच नाही की शंख टेबलावर मांडून त्याचं चित्र काढणं यात एका अख्ख्या देशाने शंभर वर्षं घालवलीत.

इथे ॲमस्टरडॅमला डच चित्रकार रेम्ब्राँट 1639 ते 1658 ज्या घरात राहिला त्याचं आता म्युझियम झालंय. रेम्ब्राँट म्हणजे आपल्याला अंधारातून उजळलेले म्हाताऱ्यांचे चेहरे आठवतात, पण त्या घरात एक खोली आहे, त्याच्या संग्रहाची, आणि तिथे कपाटात फळीवर शंखशिंपले, पोवळी, पुतळ्यांची डोकी, जुनी शस्त्रं असं सगळं परत मांडून ठेवलंय. परत मांडलंय अशासाठी म्हणते की 1656 मध्ये रेम्ब्राँटचं दिवाळं निघालं आणि घरातल्या वस्तूंची यादी करून सगळं विकलं गेलं, त्या यादीत शंख आणि समुद्रातून निघालेल्या वस्तूंचा भलामोठा साठा अशी नोंद आहे. म्हणजे कर्जात बुडालेल्या माणसाच्या घरात शंखांची रास होती. मी त्या खोलीत बराच वेळ उभी राहिले, मला आजीचं फडताळच आठवत होतं.

याच रेम्ब्राँटने 1650 मध्ये एका शंखाचं एचिंग केलं, एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर, प्लेटवर, कोरून कागदावर छापलेलं चित्र. तळहाताएवढं चित्र, फक्त एक शंख, दुसरं काही नाही. त्याने आयुष्यात तीनशेच्या आसपास एचिंग केली, त्यात नुसत्या वस्तूचं, ज्याला आपण स्टिल लाइफ म्हणू, असं हे एकच आहे. शंखाचं नाव कोनस मार्मोरियस, काळसर अंगावर पांढरे त्रिकोणी ठिपके, इंडोनेशियाकडच्या कोमट समुद्रातला. पहिल्यांदा छापलं तेव्हा पार्श्वभूमी कोरीच होती, मग त्याने परत तीच प्लेट घेऊन मागे काळोख भरला, आणि तो काळोख भरल्यावर शंख असा काही पुढे आलाय की हात लावला तर गार लागेल. सर, तुम्ही मुलांना छायाप्रकाश शिकवताना डोकं फोडून घेता ना, हे दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवून दाखवा, आधीचं आणि नंतरचं. मागचा अंधार कशासाठी असतो हे सांगावं लागणार नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या चित्रातला शंख उलटा आहे. उलटा म्हणजे आरशात बघितल्यासारखा, त्याचं तोंड चुकीच्या बाजूला आणि वेटोळे चुकीच्या दिशेने. या जातीचे शंख टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं की उजवीकडे उघडतात, रेम्ब्राँटचा डावीकडे उघडतो. कारण एकदम साधं आहे, तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने कोरायचं, मग ॲसिडमध्ये टाकायचं, शाई भरायची आणि कागद दाबायचा, की जे काही कोरलंय ते कागदावर उलटं येतं. आपली पाचवीतली पोरं बटाटा कापून त्यावर 'क' कोरतात आणि छापल्यावर तो उलटा आला की ओरडतात, तेच. रेम्ब्राँटने समोरचा शंख जसा दिसला तसा कोरला आणि तो उलटा छापला गेला. आणि सही मात्र सरळ आलीये! म्हणजे सही त्याने पत्र्यावर मुद्दाम उलटी कोरली, ती छापल्यावर सरळ यावी याचं त्याला पूर्ण भान होतं, शंखाच्या बाबतीत मात्र त्याला ते गरजेचं वाटलं नसावं. मला यात त्याची चूक काढायची नाहीये. तेव्हा शंखाची दिशा ही लक्ष द्यायची गोष्ट आहे असं फारसं कोणाला वाटतच नव्हतं, तो ठिपके बघत होता, उजेड बघत होता. रोममध्ये फिलिप्पो बुओनानी नावाच्या जेझुइट पाद्र्याने 1681 ला फक्त शंखशिंपल्यांवर अख्खं पुस्तक छापलं, अशा पुस्तकांमधलं ते अगदी पहिलं, त्यातसुद्धा शंख असेच उलटे आहेत.

आता हे आपल्या मुलांना युरोपातल्या मुलांपेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं, कारण आपल्या घरात शंखाची दिशा हा देवघरातला विषय आहे. डावा शंख, उजवा शंख, दक्षिणावर्ती म्हणजे भाग्याचा, तो लाखात एखादाच सापडतो, त्याच्या किमती ऐकून माणूस गप्प होतो. नेहमीच्या शंखाची हीच आरशातली आवृत्ती म्हणजे दक्षिणावर्ती. (शास्त्रज्ञ टोक वर धरून बघतात, आपल्याकडे शंख उलटा धरून बघतात, त्यामुळे शास्त्रात ज्याला डावा म्हणतात तो आपला उजवा, यात घोळ होतो खरा, पण शंख एकच.) म्हणजे रेम्ब्राँटने जर आपला पूजेचा साधा शंख समोर ठेवून एचिंग केलं असतं तर कागदावर दक्षिणावर्ती छापला गेला असता. हे वर्गात सांगून बघा, मागच्या बाकावरची पोरं पण पुढे येतील.

या काळातले सगळे शंख रेम्ब्राँटने काढले असं नाही, तो तर एकदाच या वाटेला गेला. खरा शंखांचा चित्रकार म्हणजे बाल्थासार फान देर आस्ट, मिडलबर्गचा, 1657 मध्ये डेल्फ्टला वारला. त्याच्या चित्रात फळांची टोपली असते, ट्यूलिप असतात, एखादी पाल किंवा नाकतोडा असतो आणि खाली फळीवर शंख पसरलेले, ठिपक्यांच्या कवड्या, काटेरी शंख, लांब मिनारासारखे. काही चित्रांत तर फळंफुलं बाजूला आणि शंखच शंख. प्रत्येकाचा पोत वेगळा, कुठे चिनी मातीसारखा गुळगुळीत, कुठे चुनखडीसारखा खरबरीत, आणि सगळ्यांवर एकाच खिडकीचा उजेड. मागून कूर्ते आला, आद्रियान कूर्ते, तो पण मिडलबर्गचाच. त्याच्याबद्दल कागदोपत्री फार थोडं सापडतं, त्यातलं एक म्हणजे चित्रकारांच्या संघाचा सभासद नसताना चित्रं विकली म्हणून त्याला दंड झाला होता. त्याने 1690 च्या दशकात दगडी फळीवर मोजके पाच-सहा शंख ठेवून लहान लहान चित्रं केली, मागे नुसता काळोख. पुस्तकांत अशा चित्रांखाली हमखास लिहिलेलं असतं की रिकामा शंख म्हणजे नश्वर जीवन, सगळं संपणार, वगैरे. असेल, काही चित्रांत कवटी आणि विझलेली मेणबत्ती पण असते शंखाशेजारी, तिथे पटतं. पण कूर्तेसमोर उभं राहून मला तरी उपदेश ऐकू आला नाही, मला एक माणूस दिसला जो एका शंखाकडे आठवडाभर बघत बसलाय.

मी इथे शेवेनिंगनच्या किनाऱ्यावर जाते कधी कधी. तिथे काय मिळतं, पांढुरक्या पिवळट शिंपल्या, आपल्या तिसऱ्यांच्या चुलतबहिणी म्हणा, आणि लांब सुरीसारखे शिंपले. ठिपक्यांची मोठी कवडी नाही, रेम्ब्राँटने काढला तसा कोन जातीचा शंख नाही, गुलाबी तोंडाचा शंख नाही. म्हणजे या डच चित्रातला जवळजवळ एकही भारी शंख डच किनाऱ्यावरचा नाही!! हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं आणि मग चित्रं बघायची माझी पद्धतच बदलली. ते सगळे जहाजातून आलेत. डच ईस्ट इंडिया कंपनी 1602 मध्ये निघाली, तिच्या सहा शाखांपैकी एक मिडलबर्गला होती, म्हणजे फान देर आस्टच्या गावात. मिरे, जायफळ, लवंग आणायला गेलेली जहाजं, खलाशी खिशात पेटीत शंख भरून आणायचे आणि इथे विकायचे. हीच कंपनी आपल्याकडे वेंगुर्ल्याला होती, त्यांच्या वखारीचे अवशेष अजून आहेत, कोकणातले सर लोक मुलांना सहलीला नेतात तिथे. वखार आणि चित्रातला शंख एकाच धाग्यात आहेत हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर इतिहासाचा तास पण आवडला असता.

श्रीमंत लोक या शंखांसाठी वेडे झाले होते. हार्लेममधला कापडाचा व्यापारी यान खोव्हर्टसेन, त्याचं 1603 चं पोर्ट्रेट हेंड्रिक गोल्टझियसने केलंय, समोर टेबलावर शंख आणि हातात एक मोठा चकचकीत शंख धरलाय, आपल्याकडे लोक बाळाला घेऊन फोटो काढतात तसा. दुसरीकडे रूमर फिसरने 1614 च्या आपल्या बोधचित्रांच्या पुस्तकात शंखांचं चित्र छापून वर लिहिलं की वेडा माणूस कशावर पैसे घालवेल सांगता येत नाही. नॉटिलसचा शंख घासून आतला मोत्यासारखा थर वर काढायचे, चांदीसोन्यात बसवून त्याचा प्याला करायचे, विलेम काल्फच्या 1662 च्या चित्रात असा प्याला आहे, चिनी भांड्याशेजारी, आणि मागून येणाऱ्या उजेडात तो शंख अक्षरशः पेटलाय. आणि या सगळ्यात कवडी पण होती. फुटकी कवडी नाही, कवडीमोल, असं आपण म्हणतो, पण मालदीवच्या कवड्या जहाजं भरभरून ॲमस्टरडॅमला यायच्या आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत माणसं विकत घेण्यासाठी जायच्या. आईच्या परडीतली कवडी बघितली की मला आता हे आठवतं.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहितेय त्या माणसाबद्दल. गेओर्ग एबरहार्ड रुम्फियस. जन्म 1627 चा, जर्मन, कंपनीच्या नोकरीत इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर गेला आणि तिथेच राहिला, 1702 मध्ये तिथेच गेला. दिवसा कंपनीचं काम आणि उरलेल्या वेळात बेटावरची झाडं, खेकडे, शंख यांच्या नोंदी. 1670 मध्ये त्याची दृष्टी गेली. पूर्ण आंधळा. 1674 च्या फेब्रुवारीत भूकंप झाला त्यात बायको आणि मुलगी गेल्या, बायको सुझाना त्याला झाडांच्या कामात मदत करायची. 1687 मध्ये आग लागली, त्यात चित्रं जळाली, परत काढून घेतली. वनस्पतींच्या ग्रंथाचं हस्तलिखित घेऊन निघालेलं जहाज 1692 मध्ये फ्रेंचांनी बुडवलं, बरं की आधी नक्कल करून ठेवली होती. आणि हा माणूस शंखांवर लिहीतच होता, मदतनिसांना सांगून, शंख हाताने चाचपून. त्याच्या मुलाने त्याचं चित्र काढलंय, पुस्तकात छापलंय ते, म्हातारा टेबलाशी बसलाय, डोळे मिटल्यासारखे, आणि हाताची बोटं समोरच्या शंखांवर. पुस्तक निघालं 1705 ला, ॲमस्टरडॅममध्ये, तो जाऊन तीन वर्षं झाली होती. नाव 'आंबोनची नवलाईची खोली' असं काहीसं होईल मराठीत. साठ पानं भरून तांब्याच्या ठशांची चित्रं, त्यातली बरीचशी मूळ चित्रं मारिया सिबिला मेरियानने केली असं मानतात, किड्यांची आणि फुलपाखरांची चित्रं काढणारी तीच. शंख कसे गोळा करायचे, कसे साफ करायचे, स्थानिक लोक त्याला काय म्हणतात, खातात का, सगळं त्यात आहे.

आणि त्यात एका बाईची नोंद आहे. बांदा बेटावरची गुलाम बाई. समुद्रात जाळं ओढत होते, तिला कोन जातीतला एक शंख दिसला, सुंदर दिसला म्हणून तिने हातात घेतला, किनाऱ्यापर्यंत येईस्तोवर हाताला खाज सुटली, ती खाज दंडावर चढली, अंगभर गेली आणि ती मेली. कोन शंखातल्या गोगलगायीला हार्पूनसारखा पोकळ दात असतो, त्यातून विष टोचते, हे आज आपल्याला माहीत आहे. बांदा म्हणजे जायफळाची बेटं. 1621 मध्ये कंपनीने तिथली वस्ती जवळपास संपवली, पंधरा हजारांतले हजारभरच उरले असं सांगतात, आणि मग जायफळाच्या बागांत राबायला बाहेरून गुलाम आणले. त्या गुलामांमधलीच ही एक असणार. रुम्फियसने तिचं नाव लिहिलेलं नाही.

मी हे वाचलं आणि परत जाऊन रेम्ब्राँटचा शंख बघितला. तोही कोनच, त्याच कुळातला. चित्रात किती शांत पडलाय. चित्रकारांकडे शंख पोचायचे ते धुतलेले, रिकामे, वास गेलेले, त्यांनी आतला जीव कधी बघितलाच नाही, तो कसा सरपटतो, कसा टोचतो, आणि पाण्यात उतरून त्याला कोण वर काढतं. मला वाटतं ही चित्रं दाखवताना त्या बाईची गोष्ट पण सांगायलाच हवी. चित्र त्याने कमी सुंदर होत नाही, मला तरी नाही झालं, उलट मी जास्त वेळ बघते आता.

मुलींच्या शाळेतल्या मॅडमसाठी अजून एक. इंग्लंडमध्ये मार्टिन लिस्टर नावाचा डॉक्टर होता, त्याला शंखांचा मोठा ग्रंथ काढायचा होता आणि चित्रकार परवडत नव्हते की मनासारखे मिळत नव्हते कोण जाणे, त्याने आपल्या मुलींनाच शिकवलं. सुझाना आणि ॲना. 1685 ला काम छापायला लागलं तेव्हा दोघी चौदा-पंधरा वर्षांच्या, म्हणजे तुमच्या नववी-दहावीतल्या पोरींएवढ्या. 1692 पर्यंत हजाराच्या वर प्लेट झाल्या, चित्रं दोघींनी काढली, पत्र्यावर कोरली पण. एकेक वेटोळं, एकेक रेघ. आणि त्यांची नावं पुस्तकावर आहेत. इंटरमिजिएटला बसलेल्या पोरीला हे सांगा, एका वाक्यात सांगा, पण सांगा.

तर माझं मागणं एवढंच आहे. वर्षातून एक तास टेबलावर तांब्याच्या जागी शंख ठेवा, डावीकडे खिडकी, मागे काळं कापड. परीक्षेला येवो न येवो. शंखावर लंबवर्तुळ आहे, वळणावरची सावली आहे, चकाकी आहे, पोत आहे, तांब्यात जे शिकवता ते सगळं त्यात आहे, वर वेटोळं कुठून सुरू होतं ते शोधायचा नाद आहे. आणि डोळे मिटून एकदा हातात देऊन बघा प्रत्येकाला, रुम्फियस बघायचा तसं, मग काढायला लावा. फक्त शंख दुकानातून विकत आणू नका. किनाऱ्यावर शोभेचे म्हणून मिळतात त्यातले नॉटिलस, ट्रायटन, मोठे जायंट क्लॅम असे कितीतरी प्रकार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, ते जिवंत पकडून मारून विकलेले असतात, ती जुनीच गोष्ट परत नको. कोणाच्या तरी आजीच्या फडताळात एक असतोच. नाहीतर तिसऱ्यांचं सुकं केल्यावर उरलेल्या शिंपल्या पण चालतील, त्यावरच्या बारीक पट्ट्या काढायला घेतल्या की अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

मी मे महिन्यात गावी येतेय. रेम्ब्राँटच्या शंखाची दोन्ही प्रिंटं, फान देर आस्ट, कूर्ते आणि लिस्टरच्या पोरींची काही पानं मोठी छापून घेतलीत, म्युझियमवाले मोकळी ठेवतात ती चित्रं, हक्काची अडचण नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहे, शाळा उघडायच्या आत कुठे उन्हाळी वर्ग असतील तर मालवण, कुडाळ, वेंगुर्ला कुठेही येईन, पैसे नकोत. चित्रं मी आणते, शंखही आणते, तोच, दप्तरातला. मुलांना फक्त एकेक बटाटा आणायला सांगा.